मातीच्या नकाशातली गंगा

"गंगेत तुमच्या हातचं पाणी नको, बाई. पाटलाच्या पोराला सांगा ओतायला." हेडमास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. पोरं खुदकन हसली.

भूमजवळच्या त्या गावात माझी पहिलीच नोकरी. महाराची लेक, उस्मानाबादला ट्रेनिंग करून मास्तरीण झालेली. त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. धडा होता आपल्या देशाचा. पोरांना घेऊन मी शाळेच्या अंगणात काळ्या मातीचा अख्खा भारत केला होता. चुनखडीचा हिमालय, नद्यांचे चर. दिल्ली, काशी, शिवाय आपला नळदुर्गचा किल्लासुद्धा. चर उकरून माझी नखं फुटली, तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. माझ्या हातची माती चालली. पाणी तेवढं चालेना.

शाळेच्या रांजणाला मला हात लावायची बंदी होती. तहान लागली की एखादी पोरगी वरून माझ्या ओंजळीत ओतायची. पोटासाठी मी ते सोसत आले होते. त्या दिवशी मात्र अंगाची लाही लाही झाली.

साहेब आले. हेडमास्तर छाती फुगवून सांगू लागले, "साहेब, धर्म अनेक, भाषा अनेक, पण देश सगळ्यांचा."

मी सरळ रांजणाकडे गेले. तांब्या बुडवला. सगळ्यांदेखत गंगा भरली. मग यमुना. मग गोदावरी.

"रांजण बाटवला तुम्ही," हेडमास्तर ओरडले. "माफी मागा, न्हायतर नोकरी जाईल."

"देश सगळ्यांचा, हे आत्ताच तुम्ही बोललात. मी माफी मागणार न्हाय."

साहेब चष्मा पुसत राहिले. मला त्यांचाही तेवढाच राग आला.

घरी आई रडली. माझ्या पगारावरच आमची चूल पेटायची. "पाया पड की त्यांच्या. लई मोठी मानसं हायती ती."

"न्हाय पडणार, आई."

नोकरी गेली नाही. परांड्याकडच्या एका आडगावात बदली झाली, रोजची पायपीट आली. हेडमास्तर अजून मानानं फिरतात. लोक म्हणतात, बाई, सोडून द्या आता. का सोडू? इतिहासाच्या तासाला मी दर वर्षी त्यांचं नाव घेऊन, गाव घेऊन हे पोरांना सांगते. उद्या त्यांचीच नातवंडं माझ्यासमोर बसली, तर त्यांनाही सांगेन. आजोबा काय म्हणाले होते, ते त्यांनी घरी जाऊन विचारावं.