टेकडीवरची संशयी मंडळी

आमच्या ग्रुपमध्ये चालणं कमी आणि संशय घेणं जास्त! निगडीच्या टेकडीवर रोज सकाळी यायचं, झाडांमधून एक फेरी मारायची, दगडी कट्ट्यावर टेकायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवायची. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. समोरचा पार्ट खराबच आहे असं धरून चालायचं, याचाच पगार मिळायचा. रिटायर झालो, पण सवय कुठे रिटायर होते? बाकीचे तिघंही तसलेच. कासारवाडीचे संपतराव, गॅरेजवाले शेखभाई आणि देशमुख मॅडम. मॅडमनी शाळेत आयुष्यभर कॉपी पकडली!

*

संपतरावांच्या घराण्याची जमीन कारखान्यांत गेली. तेव्हापासून मोजणीची टेप दिसली की त्यांचं डोकं फिरतं.

एकदा मोठ्या वडापाशी एक मुलगा आणि एक मुलगी टेप धरून उभे. संपतराव धावलेच. "कुणाची मोजणी हाय ही? नोटीस दावा आधी!"

मुलगी घाबरली. "काका, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. झाडाचा घेर मोजतोय."

"आमच्या रानाचा बी आधी घेरच मोजला व्हता!"

शेवटी टेपचं एक टोक संपतरावांनी स्वतः धरलं. पोरं म्हणाली, "थँक्यू काका." त्यांना वाटलं, मदत करतायत!

*

शेखभाईंना कुठलाही आवाज इंजिनाचाच वाटतो. उन्हाळ्यात एका सकाळी ते चालता चालता थांबले. टुक, टुक, टुक.

"कुणीतरी चोरून पंप लावलाय राव. आणि बेअरिंग पण गेलंय त्याचं."

टेकडीवर पाण्याची चोरी म्हणजे हद्दच! इथे पूर्वी नुसता मुरूम होता. कंपन्यांमधली माणसं सुट्टीच्या दिवशी बादल्या घेऊन चढायची, तेव्हा कुठे हे जंगल उभं राहिलं. चोर सापडलाच पाहिजे म्हणून आम्ही आवाजाच्या मागे घुसलो. करवंदीच्या जाळीत माझा शर्ट फाटला.

उंबराच्या शेंड्यावर चिमणीएवढा हिरवा तांबट पक्षी बसला होता. मान हलवत, टुक, टुक, टुक.

शेखभाईंनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. मग म्हणाले, "एवढंसं इंजिन आणि एवढा आवाज? सायलेन्सर काढलाय भावा यानं!"

*

आकड्यांचं प्रकरण मात्र आमच्या जिवाला लागलं.

एके दिवशी झाडांच्या खोडांवर लाल आकडे उमटले. "तोडायला काढलीयत," मॅडम म्हणाल्या. संपतरावांचा चेहराच उतरला. वरच्या वळणावरचा कडुलिंब त्यांच्या वडिलांच्या हातचा. जमीन गेली तेव्हा बांधावरचं रोप मुळासकट काढून म्हाताऱ्यानं इथे आणून लावलं होतं.

"रानातलं येवढंच ऱ्हायलंय," संपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते थिनर आणि फडकं घेऊन आले. आम्ही तिघं पहाऱ्याला. त्यांनी कडुलिंबावरचा आकडा घासून घासून पुसला, मग खोडावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

थोड्या वेळानं आकडे टाकणारा माणूस आला. आम्ही त्याला घेरलंच. तो म्हणाला, "अहो, तोडायला नाही! झाडांची नोंद चाललीय. नंबर असला की कुणी हात लावू शकत नाही."

"आन् ज्याला नंबर न्हाई?"

"ते झाड कागदावर नाहीच."

संपतरावांनी फडकं खिशात कोंबलं आणि टेकडी उतरले. दुसऱ्या दिवशी बघतो तर कडुलिंबावर वाकडातिकडा लाल आकडा, आणि त्याखाली त्यांच्या वडिलांचं नाव!

तो माणूस वैतागला. "काका, इथे झाडाचं नाव लिहितात!"

"झाडाचंच हाय ते," संपतराव म्हणाले.

त्यानं आकडा बदलून दिला. नाव तसंच राहू दिलं.

*

आमच्या हास्यक्लबच्या वेळी एक तरुण लांब झाडाखाली उभा राहायचा. कधी हसला नाही. पाळत ठेवतोय, मी मनात म्हटलं. एकदा आम्ही हात वर करून जोरात हसलो आणि तो तडक आमच्याकडेच आला.

"काका, मी हिंजवडीत काम करतो. फोनवर मीटिंग चालू आहे माझी. तुम्ही हसलात तेव्हा नेमका मी बोलत होतो."

"बरं मग?"

"साहेब विचारतायत, माझ्या प्लॅनमध्ये एवढं हसण्यासारखं काय आहे?"

*

आणि ते आजी-आजोबा!

आजोबा वरच्या गेटनं यायचे, आजी खालच्या गेटनं. बांबूच्या बेटाआडच्या बाकावर दोघं बसायचे, इकडेतिकडे बघायचे आणि दबक्या आवाजात बोलायला लागायचे. कुणी जवळून गेलं की गप्प! जातानाही वेगवेगळ्या गेटनं.

"या वयात?" शेखभाई म्हणाले.

"घरी माहीत नाही, हे नक्की," मॅडम म्हणाल्या.

"म्हातारा भामटा दिसतोय. बाईचा फ्लॅट नावावर करून घील," संपतराव म्हणाले.

झालं! आजींना सावध करणं हे आमचं कर्तव्यच ठरलं. मॅडम पुढे, आम्ही तिघं मागे.

"आजी, विचारते म्हणून रागावू नका. हे गृहस्थ तुमचे कोण?"

"नवरा," आजी म्हणाल्या.

मॅडमनी तरी विचारलंच, "मग... असं वेगवेगळं का येता?"

"एकत्र निघालो की नातू मागे लागतो," आजोबा म्हणाले. "आणि घर लहान आहे हो. मुलगा, सून, पोरं. त्यांच्यासमोर भांडता येत नाही."

"आणि जाताना?"

"भांडल्यावर कोण एकत्र जातं?"

मॅडम ओशाळल्या. आम्ही मागच्या मागे सटकायला लागलो. काहीतरी बोलायचं म्हणून मॅडमनी विचारलं, "बरं, मग आजचं मिटलं ना?"

आजींनी पदर खोचला. "जरा पलीकडे व्हा तुम्ही. अजून सुरू कुठे झालंय!"