एकोणीस इंची चाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, चातुर्मासात आमच्या जैन महाराजसाहेबांसमोर बसलो तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि संपतलाही नाही. हे भित्र्या माणसाचंच कारण झालं, कळतं मला.

ओतूरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. पणजोबा मारवाडातून आले, पण आम्ही बोलतो-भांडतो मराठीतच. संपत शेतकरी, कांदा-टोमॅटोवाला, शाळेपासूनचा माझा दोस्त. मला ‘शेठ’ म्हणतो, कारण मी चिडतो. चाळिशीत आम्ही दोघांनी पाठोपाठ मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाईक घेतल्या — उंच, पुढचं चाक एकवीस इंची, दगडधोंड्यांतून जायला केलेल्या. गावाला वाटलं, दोघांना वेड लागलं. लागलंच होतं.

काय दिवस होते ते. दर रविवारी मढच्या बाजूला जायचं, धरणाच्या कडेच्या कच्च्या वाटा धुंडाळायच्या. मातीत गाडी चालवायला मला संपतनंच शिकवलं — उभं राहायचं, हँडल आवळायचं नाही, नजर लांब टाकायची. मढला चहा व्हायचा. तो कांदाभजी मागवायचा आणि प्लेट माझ्या नाकाखाली धरायचा. “खात नाय तर नाय शेठ, वास तरी घे. आमच्या रानातला कांदा हाय.” मग आमची एक रीत होती — जाताना आपापली गाडी, येताना दुसऱ्याची. चहा संपला की किल्ल्यांची अदलाबदल. दुसऱ्याची चालवल्याशिवाय आपली कळत नाही, असं त्याचं म्हणणं. तसं सुख मला नंतर कशात मिळालं? आठवून पाहतो, सापडत नाही.

चाकाचं सांगायचं टाळतोय मी, नाही का?

शनिवारी कळंबला पुण्याचे काही बाईकवाले नाश्त्याला थांबायचे. मी त्यांच्यात जाऊ लागलो. भारी जॅकेटं, मधूनमधून इंग्रजी. तिथून डिंभ्याच्या पुढच्या वळणांवर ते सर्रकन निघून जायचे आणि मी मागे. एकदा त्यांतला एक हसत म्हणाला की हे बैलगाडीचं चाक लावून रस्त्यावर कशाला येता. मला ते फार लागलं. पुण्याला जाऊन मी पुढे एकोणीस इंची चाक बसवून घेतलं, त्यावर डांबरी रस्त्याचं टायर. फिटरनं बजावलं होतं — वळणावर गाडी हलकी वळेल, पण खडकाळ वाटेवर नेऊ नका. पुढून खाली बसलीय, चाक खड्ड्यात पडेल आणि हँडल हातातून जाईल. मी मान डोलावली. पुढच्या शनिवारी वळणांवर खरंच मजा आली, खोटं कशाला बोलू.

रविवारी संपतनं चाक पाहिलं. पाहणारच की. का बदललं, म्हणाला. मी म्हणालो, रिम वाकली होती आणि तशी दुसरी मिळेना. “रानात चालंल ना?” चालेल, काही फरक नाही — फिटरनंच सांगितलंय. असं म्हणालो मी. का म्हणालो? फरक पडतो म्हटलं असतं, तर मग बसवलंच कशाला, हे आलं असतं. मग कळंब, ती माणसं, ती जॅकेटं. आमच्या रविवारापेक्षा मला तो शनिवार जास्त हवासा झाला होता, हे त्याला कळायला नको होतं. जाताना मी अगदी जपून, हळूहळू चालवली. मढला चहा पिताना बोलता आलं असतं. किल्ली त्याच्या हातात ठेवतानाही आलं असतं.

परतीच्या उतारावर पावसानं पडलेली एक ओघळ होती. नेहमीची. संपत ती गप्पा मारत पार करायचा. तो माझ्या गाडीवर पुढे, मी त्याची गाडी घेऊन मागून येत होतो. पुढचं चाक ओघळीत गेलं, हँडल गर्रकन फिरलं — आणि तो दगडांत, गाडीखाली. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात पडल्यापडल्या तो एकच घोकत होता. “रोजची ओघळ राव. अंदाज कसा चुकला माजा?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “लई जोरात व्हतो का मी?”

हो, म्हणालो. जरा जोरात होतास.

तो जोरात नव्हता.

मनगट जुळलं, पण त्यानं गाडी विकून टाकली. आता आपला हात गेला, म्हणतो. उतारावर ट्रॅक्टरसुद्धा गड्याच्या हाती देतो — ज्या ट्रॅक्टरवर तो लहानाचा मोठा झाला. मी मात्र जुनं चाक परत बसवलं आणि त्याला सांगितलं, रिम मिळाली बरं का. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे गोटा संपतच्या कपाळी आला.

आमच्यात पर्युषण संपलं की सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे — कळत नकळत काही चुकलं असेल तर, मिच्छामि दुक्कडम. मी दरवर्षी संपतच्या ओट्यावर जाऊन हात जोडतो. तो हसतो. “तुजं काय चुकणार, शेठ? जा, केलं माफ.” आणि ती माफी घेऊन मी घरी येतो, जेवतो, झोपतो. लाज वाटते का? वाटते. तरी पुढच्या वर्षी पुन्हा जातो.

त्याची थोरली मुलगी आता कॉलेजला आहे. तिला बाईकचं वेड. बापानं तिला माझ्याकडे धाडलं — शेठ, हिला तूच शिकव, माझा हात गेलाय. आता रविवारी मी तिच्याबरोबर त्याच वाटांनी जातो. तिला फारसं शिकवावं लागत नाही. ती उभी राहिली की पाठमोरा संपतच दिसतो.

गेल्या रविवारी ती त्या उतारावर थांबली. हेल्मेट काढलं.

“काका, पप्पा इथंच पडले व्हते ना? ते म्हणतात, चूक माझीच व्हती. खरंय का?”

मी तिच्याकडे बघून हो म्हणालो.