डाळीला काढलेली तूर

तात्यासो मगदूम दिवस मावळायच्या आत जेवतात. जैन घरातली ही रीत पाळायला घरात आता ते एकटेच उरले आहेत. ताट विसळून पालथं घातलं, की झोप येईपर्यंतचा वेळ मोठा असतो. मळ्यात टीव्ही आहे, पण ते तो फारसा लावत नाहीत. पेठ वडगावहून वारणेकडे जाणारा रस्ता मळ्यापासून लांब आहे. रस्त्यावरच्या गाड्या दिसतात, ऐकू येत नाहीत. मुलगा जिनेश उचगावला असतो. त्याचं लेथचं वर्कशॉप आहे.

त्यांच्या पत्नी त्रिशला तीन वर्षांपूर्वी चैत्रात वारल्या. शिवारात त्यांना ओळखत ते तुरीच्या बियाण्यामुळे. मळणी झाली की त्या तूर सुपात पाखडत आणि मग अंगणात पोत्यावर पसरून दाणा दाणा निवडत. टपोरी, पांढरी, एकसारखी तूर बियाण्याला, बारीक आणि काळपट डाळीला. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका आपली तूर घेऊन येत आणि तेवढंच माप त्रिशलाक्काचं बी घेऊन जात. हळूहळू त्या भागातल्या बांधांवर सगळीकडे त्यांचीच तूर दिसू लागली.

मगदूमांच्या रानाचा खालचा कोपरा खारावलेला आहे. वरच्या उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी मिळालं, निचरा कुठेच नव्हता, आणि खाली जमिनीला मीठ फुटलं. उन्हाळ्यात तिथे पांढरा थर येतो. तूर पेरली तर उगवते, मग पानांच्या कडा करपतात आणि झाड वाळतं. दर वर्षी तिथे चार-दोन झाडं हिरवी राहत, पण त्यांचे दाणे काळे निघत. ते डाळीच्या ढिगात जात.

त्रिशलाबाई गेल्या त्या वर्षीचं बी त्यांनी आधीच निवडून, राख लावून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलं होतं. पेरणीच्या वेळी तात्यासोंनी डबा फळीवरून खाली काढला, थोडा वेळ समोर ठेवला आणि परत वर ठेवून दिला. डाळीला काढलेल्या तुरीचं पोतं भरडायचं राहून गेलं होतं. तेच त्यांनी पेरलं.

शेजारच्या हंबीररावांनी ते बांधावरून पाहिलं. दोघे शाळेपासून एकत्र.

"डाळ पेरलीस व्हय रं तात्या? आता फोडणी बी रानातच दे."

तात्यासो पेरत राहिले.

दिवाळीनंतर खालच्या कोपऱ्यात तूर फुलावर आली. सगळी नव्हे, पण बरीचशी. ज्या जागी कधी पीक उभं राहिलं नव्हतं तिथे कमरेच्या वर झाडं होती. हंबीरराव येऊन बघून गेले. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही.

त्याच हिवाळ्यात अनुजा जाधव मळ्यात आली. ती शिवाजी पेठेत राहते आणि कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत कडधान्यांवर संशोधन करते. आली होती खारवट मातीचे नमुने घ्यायला, पण तूर बघून थांबली. काढणी झाल्यावर तिने काळे दाणे मागितले, आणि तुलनेसाठी याच घरातले पांढरेही. पांढरे फक्त डब्यात होते. डबा तेव्हा पहिल्यांदा उघडला गेला. तात्यासोंनी ओंजळभर तूर कागदात बांधून दिली आणि झाकण घट्ट लावलं.

निकाल सांगायला अनुजा पुढच्या वर्षी, उन्हाळा लागताना आली. घराच्या पुढच्या सोप्यात बसून तिने समजावलं. दोन्ही तुरी कुंड्यांत लावून त्यांना खारं पाणी दिलं. पांढऱ्या तुरीत मीठ मुळातून थेट पानापर्यंत चढलं आणि पानं जळाली. काळीतल्या बहुतेक झाडांनी ते मुळातच अडवलं. हे अडवणं एका जनुकाचं काम दिसतं. आई किंवा बाप, एकाकडून ते आलं तरी पुरतं. म्हणून काळ्या तुरीच्या पुढच्या पिढीत चारातली साधारण तीन झाडं तगतात. दाण्याचा काळा रंग देणारं जनुक त्याच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे दोन्ही गुण सहसा जोडीने पुढे जातात.

"पण आमची तूर तर पांढरी," तात्यासो म्हणाले. "त्यात काळी आली कुठनं?"

"ओढ्याकाठी ते जुनं रानटी झुडूप आहे ना, काळ्या शेंगांचं? माझा अंदाज, तिथून. तुरीच्या फुलांवर माश्या बसतात, त्या पराग आणतात. त्या वर्षी दाणा पांढराच दिसतो, कारण वरचं टरफल आईचं. तो पेरला की त्या झाडाला काळे दाणे येतात." तिने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. "बी काकूच निवडायच्या का?"

"व्हय."

अनुजा तांब्यातलं पाणी प्याली.

"म्हंजे तगणारं बी ती दर वर्षी बाजूला काढत हुती," तात्यासो म्हणाले.

"त्यांना कळायला काही मार्गच नव्हता, काका."

"ते खरं. पर काढत हुती न्हवं?"

"हो."

पेरणीआधी हे बी वाटायचं ठरलं. अनुजाची अडचण साधी होती. तगणारं बी हातात दिलं, तरी घरोघरच्या बायका काळा दाणा डाळीलाच काढणार. दोन-तीन हंगामांत सगळं पुन्हा पांढरं झालं असतं. निवडण्याबद्दल स्पष्ट बोलणं भाग होतं.

"बोल," तात्यासो म्हणाले. "तिचं नाव तेवढं घिऊ नगंस."

तिने ते मान्य केलं.

बैठक हंबीररावांच्या गोठ्यापुढच्या छपरात झाली. पुरुष खाटांवर, बायका भिंतीकडेला. अनुजाने कुंड्यांचे फोटो मोबाइलवर फिरवले. बियाण्याला काळा दाणा ठेवा, पांढरा डाळीला काढा, आणि जवळपास पांढरी तूर लावू नका, माश्या पुन्हा मिसळून टाकतील, असं सांगितलं.

"आता बघा," हंबीरराव म्हणाले, "आमच्या आज्यापासनं बी निवडत आलोय. आता शास्त्र म्हणतंय, टाकत हुता ते ठेवा. मग इतकी वर्सं टाकलं कुणी ते?"

चारदोन जण हसले. अनुजा तात्यासोंकडे न बघता म्हणाली, "ते आता महत्त्वाचं नाही."

"न्हाय कसं? बी तर सगळं तात्याच्या घरचं."

"मी टाकत हुतो," तात्यासो म्हणाले. "बी मी निवडायचो."

हंबीरराव त्यांच्याकडे बघत राहिले. "तू? तू जन्मात सुपाला हात लावला न्हाईस, तात्या. सूप उलटं धरायचास की."

या वेळी छपरातले सगळे हसले. हंबीरराव हसताहसता थांबले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

तात्यासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिनंच काढलं," ते म्हणाले. "चांगलं बी रहावं म्हणून काढलं. ही पोरगी सांगतीया तसं करा. न्हाईतर परत हातचं जाईल ते."

भिंतीकडून विठाबाईंचा आवाज आला. त्या त्रिशलाबाईंच्या शेजारी बसून बी निवडत असत.

"आमाला बी तिनंच शिकीवलं. काळं डाळीला."

मग बायका उठल्या आणि एकेक करून पदरात बी घेऊन गेल्या. हंबीरराव शेवटपर्यंत थांबले. तात्यासोंना चहा घेतोस का म्हणून त्यांनी विचारलं. दिवस कलला होता. तात्यासो नको म्हणाले आणि बांधाबांधाने घरी गेले.

आता खालच्या वस्त्यांवर काळी तूर उभी आहे. तिला लोक नुसतं काळी म्हणतात. वडगावच्या बाजारात एकाने तात्यासोंना विचारलं, "पावणं, काळी तुमच्याकडचीच न्हवं?" ते हो म्हणाले.

बैठकीची गोष्ट उचगावला पोहोचायला वेळ लागला नाही. जिनेशचा फोन आला.

"अण्णा, आईचं नाव काढलं म्हणे सगळ्यांसमोर?"

"काढलं."

"लोक तिचं बी न्यायला यायचे. आता काय म्हणतील?"

"पेरतील, आन तूर खातील. काय म्हनायचंय त्यात?"

"खोटं बोलता आलं असतं की."

"बोललो हुतो. कुनाला पटलं न्हाय."

पलीकडे लेथचा आवाज चालू होता. मग जिनेशने विहिरीवरची मोटर नीट चालते का ते विचारलं. तात्यासो म्हणाले, चालते.