पोरीनं स्वतः केलंय

इजिप्तमधल्या दमनहूरच्या मुलींच्या सरकारी हायस्कूलसमोर इन्शिराहचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची खोली! एक मशीन, एक काउंटर, आणि काउंटरमागे इन्शिराह, डोक्याच्या रुमालापासून चपलेपर्यंत चमकी लागलेली. ही नमाजाला उभी राहिली तरी सतरंजीवर चमकी सांडते, असं तिचा नवरा म्हणतो. तो मायक्रोबस चालवतो, घरी झोपायला तेवढा येतो. असा माणूससुद्धा तक्रार करतो म्हणजे बघा, चमकी किती असेल!

आणि का नसेल? हायस्कूलच्या अर्ध्या पोरींचे बीजगणिताचे प्रकल्प तिच्याच हातचे. गणिताचे मास्तर उस्ताद रिफ्अत वर्गात विषय सांगून बाहेर पडले की पाचव्या मिनिटाला पोरी दुकानात.

"मावशी, मला वर्गसमीकरण. गुलाबी बॉर्डर."

"मावशी, मला पण वर्गसमीकरण. पण हिच्यापेक्षा मोठं."

"वर्गसमीकरण मोठं कसं करायचं गं? पाणी घालू?"

"म्हणजे फोमची शीट मोठी हो!"

आठवड्याने आया यायच्या. तयार फलक काखेत मारायच्या आणि दुकानाच्या पायरीवरच शेजारणीला सांगायच्या, "अगं, पोरीनं स्वतः केलंय. आम्ही हातसुद्धा लावला नाही." इन्शिराहच्या पायरीवर उभं राहून हं! मग आतून इन्शिराह ओरडायची, "स्वतः केलंय ना? मग जरा सांभाळून धर म्हणावं, गोंद ओला आहे अजून!" आणि मशीनवर हात आपटून हसायची.

ही कला तिला काही दुकानात आली नाही. तिला एक भाऊ आहे, मग्दी. दोघं एकाच वर्षी शाळा संपवून पुढे जायची होती. ती वर्षाने लहान, पण मग्दी एकदा आपटला होता, म्हणून बरोबरीत आला. मार्क तिचे जास्त. बाप म्हणाला, "पोरीला कॉमर्सचा डिप्लोमा बस्स. तीन वर्षांत सुटेल, लग्न लावू. पोराला मात्र जनरल हायस्कूलला घालायचं, इंजिनियर करायचाय." इंजिनियर दुपारी फुटबॉल खेळायला जायचा. त्याची बीजगणिताची वही वॉशिंग मशीनच्या झाकणावर पडलेली असायची. इन्शिराह एका हाताने कपडे आत कोंबायची आणि दुसऱ्या हाताने त्याची समीकरणं सोडवायची. एकदा मास्तरांना संशय आला, की या गाढवाचं एकही गणित चुकत कसं नाही? मग्दी घरी येऊन बहिणीवरच ओरडला. त्या दिवसापासून तिने नेमच केला, प्रत्येक गृहपाठात एक चूक मुद्दाम घालायची. लहानशी. वजाच्या जागी अधिक, नाहीतर सातच्या जागी नऊ. मास्तर खूश, मग्दी खूश. आज मग्दी कुवेतमध्ये मोठा इंजिनियर आहे. ते झेरॉक्स मशीन त्यानेच पाठवलेलं, त्याच्या ऑफिसातलं जुनं. पाठवताना फोनवर म्हणाला, "मी शून्यातून वर आलो, इन्शिराह. तूही जरा हातपाय हलव."

तर ती चूक घालायची सवय दुकानातही राहिली. प्रत्येक फलकावर एक चूक, कोपऱ्यात कुठेतरी, पोरीच्या वयाला शोभेल अशी. उस्ताद रिफ्अत लाल पेन घेऊन बसायचे, ती चूक हुडकायचे, भोवती गोल काढायचे आणि दहापैकी साडेनऊ द्यायचे. त्यांनाही ठाऊक होतं, फलक कुठून येतात ते. त्यांच्या शिकवणीच्या नोट्स इन्शिराहच्याच मशीनवर निघायच्या आणि चहाही तिच्याच स्टुलावर बसून व्हायचा. पण चूक सापडली की शिक्षकाला आपण शिक्षक असल्यासारखं वाटतं. तेवढं सुख ती त्यांना वर्षानुवर्षं देत आली.

एका पोरीचा प्रकल्प मात्र तिने कधी केला नाही. तिच्या पोटच्या पोरीचा, शुरूकचा.

शुरूक गेल्या वर्षी हायस्कूलच्या पहिल्या वर्गात गेली. बारीक, काळीसावळी, तोंडात तिळाची वडी आणि कानावर पेन्सिल. आईने तिला बीजगणित काउंटरवरच शिकवलं होतं, तेही आपल्या पद्धतीने. दोन आकडे शोधायचेत, बेरीज सहा, गुणाकार आठ. पुस्तकात त्यासाठी हातभर लांब सूत्र आहे. इन्शिराह म्हणायची, "आधी भाकरी मधोमध फाड. तीन आणि तीन. तीन त्रिक नऊ. हवेत किती? आठ. एक जास्त झाला ना? मग एका बाजूचा एक काढून दुसऱ्या बाजूला ठेव. चार आणि दोन. आता गुण."

"आठ!" शुरूक ओरडायची. "आई, पुस्तकवाल्यांना हे माहीत नाही?"

"त्यांच्या घरी भाकरी बाई फाडते, त्यांना कुठून माहीत असणार?"

त्या वर्षी प्रकल्पाचा विषय आला, 'आपल्या जीवनातील वर्गसमीकरण'. आणि उस्तादांनी जाहीर केलं, ज्या मुलीचा प्रकल्प सगळ्यांत चांगला तिचं नाव जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार आणि सुट्टीत अलेक्झांड्रियाला दहा दिवसांच्या गणित शिबिराला तिला पाठवणार. शुरूक त्या दिवशी घरी आली ती वडीसुद्धा न चघळता. म्हणाली, "आई, मला जायचंय तिकडे. आणि ऐक, तू हात लावायचा नाहीस. कात्रीसुद्धा मागितली तरी देऊ नकोस."

वरच्या मजल्यावरच्या विदादबाई गच्चीत बदकं पाळतात. सोळा बदकं. जाळी किती? मुलाच्या दुकानातून उरलेली बारा मीटर. गच्चीची भिंत एका बाजूला, बाकी तीन बाजूंना जाळी लावायची. आणि बाईंचा हट्ट, की दर बदकाला एक चौरस मीटर जागा हवी. "सुनेला दिलीत का कधी एवढी जागा?" इन्शिराहने विचारलं, तर म्हणाल्या, "सून अंडी देते का?"

शुरूकने मोजपट्टी घेतली आणि तीन दुपारी गच्चीवर काढल्या. खुराड्याची रुंदी सीन. ज्याचा पत्ता नाही त्याला आमच्या शाळांत सीन म्हणतात. दोन बाजूंना दोन सीन गेले, लांबीला बारातून उरलं ते, आणि दोन्हींचा गुणाकार सोळा. आईच्या भाकरीच्या पद्धतीने सोडवल्यावर उत्तरं आली दोन. सीन दोन घेतला तर खुराडं दोन बाय आठ. चार घेतला तर चार बाय चार. आणि मग पोरीने खाली लिहिलं: भिंत फक्त पाच मीटर आहे, म्हणून आठ मीटरचं खुराडं बसत नाही. दोन्ही उत्तरं बरोबर, पण बदकं राहतील चार बाय चारमध्ये. पेन्सिलीने चित्र काढलं. एका कोपऱ्यावर बदकाने आपली सही केली होती, ती पुसून काढली तरी पिवळा डाग राहिलाच.

इन्शिराहने तो कागद बघितला आणि चहा टाकायला आत गेली. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मायलेकींनी तो तसाच प्यायला.

त्याच आठवड्यात काउंटरवर नर्मीनचा फलक तयार होत होता. नर्मीन म्हणजे सोनाराची पोरगी, वर्गात शुरूकच्या बाकाशेजारीच बसते. विषय, 'हवेत फेकलेला चेंडू'. निळी फोम, चंदेरी चमकी, चेंडूच्या जागी खरा पिंगपाँगचा चेंडू चिकटवलेला. खाली उजवीकडे नेमाप्रमाणे एक चूक. इन्शिराह चेंडू चिकटवताना शुरूक तिच्याकडे बघत होती. "छान झालाय," एवढंच म्हणाली.

निकाल लागला. नर्मीनला साडेनऊ, आणि अलेक्झांड्रियाही तिलाच. शुरूकच्या कागदावर लाल पेनाने लिहिलेलं होतं: 'आईने केलेले. शून्य.'

"तू सांगितलं नाहीस त्यांना?" इन्शिराहने विचारलं.

"सांगितलं. ते म्हणाले, ही पद्धत पुस्तकात नाही, कुणी शिकवली? मी म्हटलं, आईने. वर्ग हसला. मग म्हणाले, एकही चूक नाही, म्हणजे झालंच. बाकी सगळ्या म्हणाल्या, आम्ही स्वतः केलंय. त्यांना मार्क मिळाले."

इन्शिराहने कागद पुन्हा वाचला. एकही चूक नाही. वीस वर्षं तिने या गावच्या मास्तरांना शिकवलं होतं, की पोरीचं काम म्हणजे त्यात एक चूक असणारच. मास्तर पक्कं शिकले होते.

"उद्या मी शाळेत येते."

"आई, नको."

"नको काय? तुझं नाव खाल्लंय त्यांनी!"

"आई, तू येऊ नकोस. हात जोडते."

ऐकणार ती इन्शिराह कुठली! सकाळी दुकान बंद ठेवून, नर्मीनच्या निळ्या फोमचं उरलेलं कातरण पिशवीत घालून ती स्टाफरूममध्ये जाऊन उभी राहिली. उस्ताद पाव आणि चीज खात होते.

"या या, शुरूकच्या आई! नोट्स झाल्या का?"

"नोट्स राहू द्या. हा तुकडा घ्या. नर्मीनच्या फलकाचा डावा कोपरा कापताना उरलाय. लावून बघा, बसतो का ते. तो फलक माझा आहे. वर्गातले तीस फलक माझे आहेत. बदकांचा कागद तेवढा माझा नाही."

उस्तादांनी घास गिळला. जरा मवाळच झाले. "बाई, तुकडा कशाला दाखवता? मी काय आंधळा आहे? तुमच्या हातचं मी ओळखत नाही?"

"मग हे नाही ओळखलं?"

"ओळखलं ना! तुमचंच तर आहे. फक्त यावेळी चमकी लावायचा कंटाळा केलात."

"पोरीला बोलवा. फळ्यावर सोडवून दाखवेल."

त्यांनी शिपायाला पाठवलं. पण शाळेच्या भिंतींना कान असतात म्हणतात ते उगाच नाही. शुरूक दारात येईपर्यंत निम्म्या वर्गाला कळलं होतं, की झेरॉक्सवाली मावशी सगळ्यांची नावं सांगायला आलीये. दारामागे पोरींची गर्दी. नर्मीन सगळ्यांच्या पुढे, डोळे रडून लाल.

उस्ताद शुरूककडे वळले. आवाज गोड. "बेटा, नीट ऐक. हा कागद तुझा असला, तर तुझी आई म्हणते ते मला लिहून घ्यावं लागेल. मग तीस जणींची चौकशी. वरपर्यंत जाईल. आणि हा कागद आईचा असला, तर सगळ्या सारख्या. तुला पाच मार्क देतो, विषय संपला. सांग, कुणी केला?"

इन्शिराहचं काळीज शांत होतं. काय कठीण आहे यात? एकच शब्द, मी. ती पोरीकडे बघून मान हलवत राहिली, लहान मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आई हलवते तशी.

शुरूकने आधी दाराकडे पाहिलं. मग आईच्या हातातल्या निळ्या तुकड्याकडे. मग जमिनीकडे.

"आईने केलाय."

"शुरूक!"

"तूच केलास ना आई," पोरगी म्हणाली. आवाज असा, की काउंटरवर सुटे मागतेय जणू. "मी फक्त मोजलं."

उस्तादांनी शून्य खोडून पाच केले. बाहेर नर्मीनने शुरूकला मिठी मारली. इन्शिराह कातरण पिशवीत घालून घरी आली. मायलेकी त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. एकदा तरी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं विदादबाई म्हणतात. बदकं चार बाय चारमध्ये मजेत आहेत.

यंदा शुरूक दुसऱ्या वर्गात गेली. प्रकल्पाचा विषय आला त्या दिवशी दुकानात गर्दी होती. तीन पोरींच्या मागे शुरूक उभी. इन्शिराहला वाटलं, जेवायला बोलवायला आली असेल. नंबर आला तसा शुरूकने काउंटरवर कागद ठेवला.

"फलनाचा आलेख. जांभळी बॉर्डर."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तू कर की. कात्री देते."

"आई, मागे लाइन आहे."

मागे खरंच लाइन होती. इन्शिराहने वहीत लिहून घेतलं, जांभळी. शुरूक पायरी उतरली, आणि परत वळून म्हणाली, "आणि चूक घालायला विसरू नकोस."

नाही विसरली. उस्तादांना ती सापडली, त्यांनी भोवती गोल काढला. साडेनऊ. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला यंदा शुरूकचं नाव गेलं, आणि सुट्टीत ती अलेक्झांड्रियाला जाऊन आली. परत आली ती सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र घेऊन. पोरगी म्हणाली, कपाटात ठेव. इन्शिराहने मात्र ते मशीनच्या वर, सगळ्यांना दिसेल असं टांगलंय. धंद्याला बरं पडतं.

परवा एक नवी आई दुकानात आली, मान वर करून वाचून म्हणाली, "अगबाई, तुमची मुलगी? हुशार आहे हो. हे सगळं तिनंच केलं?"

इन्शिराहने हातावरची चमकी झग्याला पुसली.

"हो तर," ती म्हणाली. "पोरीनं स्वतः केलंय. आम्ही हातसुद्धा लावला नाही."