सिसिल टीचर आणि विटांवरची गाडी

सिसिल टीचरना कुणी ‘होत नाही’ म्हटलं की त्या चिडत नसत. समोरच्याकडे शांतपणे बघत आणि विचारत, “कुठवर करून बघितलंस?” प्राथमिक शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना हाच प्रश्न विचारला होता. निवृत्त झाल्यावर तो गॅसवाल्याला, पोस्टमनला आणि माझ्यासारख्या भाडेकरूलाही विचारला जाई.

मनवेलपाड्यातल्या माझ्या फ्लॅटचा ताबा लांबत चालला होता, म्हणून अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमारास मी वसईकडच्या नंदाखाल गावी टीचरच्या केळीच्या वाडीत एक खोली घेऊन राहत होतो. वसई पूर्वेला एका कारखान्यात फिटर होतो. त्याआधी चिपळूणला टेम्पो चालवला होता. टीचरचे यजमान बस्त्यावकाका जन्मभर वाडीत राबलेला माणूस. मधुमेहाने आधी त्यांची नजर नेली, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा वसईला डायलिसिस. दवाखान्याची गाडी रोजच्या फेऱ्यांना येत नसे आणि गावातली एकुलती भाड्याची जीप लग्नसराईत हाती लागत नसे. राहता राहिली रिक्षा. त्या खड्ड्यांतून परत येताना एका गुरुवारी काका रिक्षातच बेशुद्ध पडले. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “सिसिल, मला आता नेऊ नको.”

सोमवारी, पुढच्या डायलिसिसच्या दिवशी, ते उठलेच नाहीत. पाय सुजले, दम लागायला लागला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, की किती दिवस निघतील ते सांगता येत नाही, पण डायलिसिसविना आठवडा काढू नका. दुपारी टीचर माझ्या खोलीच्या दारात आल्या. हातात गाडीची किल्ली होती. “रिक्षात ते बसायचे नाहीत. हिच्यात आडवं नेता येईल,” म्हणाल्या.

गाडी घरामागे झावळ्यांच्या छपराखाली सहा वर्षं विटांवर उभी होती. काकांनी हौसेने सेकंडहँड घेतलेली. डोळे गेले तेव्हा त्यांनीच ती चाचपडत विटांवर चढवली होती आणि विकायची नाही असं बजावलं होतं. मी बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरमध्ये उंदरांनी केळीच्या सोपटांचं घरटं केलेलं. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या रंगासारखा वास. हँडल लावून फिरवायला गेलो, ते तसूभरही हललं नाही.

“इंजिन जाम आहे, टीचर.”

“कुठवर करून बघितलंस?”

मी प्लग काढले, चारही भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतलं. हे मुरायला आठेक दिवस लागतात, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आठ दिवस नाहीत माझ्याकडे.” मी कारखान्यात रजा टाकली.

मंगळवारी हँडल हललं नाही, बुधवारीही नाही. तोवर मी ब्रेक मोकळे केले, जीपवाल्याकडून जुनी बॅटरी मागून आणली, टाकी सोडून डब्यातून नळीने पेट्रोल द्यायची सोय केली. टीचर खाटेपासून छपरापर्यंत सारख्या येरझारा घालत. काकांना घोटभर पाणी पाजायचं, पाठीला उशी द्यायची आणि परत येऊन पॉलिश पेपरने प्लग घासायचे. बुधवारी दुपारी त्या गाडीच्या मागच्या बाजूला उकिडव्या बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज नव्हता आणि हात प्लग घासतच होता. मी दिसल्यावर तो प्लग माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, “एवढा चकचकीत पुरे का?”

गुरुवारी सकाळी त्या चर्चमध्ये मिस्सेला गेल्या नाहीत. मला ठाऊक असलेल्या काळातला तो पहिलाच खाडा. काकांचा श्वास बाहेर अंगणापर्यंत ऐकू येत होता. मी इंजिनच्या पुढच्या नटाला पाना लावला आणि पान्यात पाण्याचा लांब पाइप अडकवला. मग टीचरना स्पष्ट सांगितलं, की एवढा जोर लावला तर आत काहीतरी मोडू शकतं आणि मोडलं तर हे इंजिन संपलं.

“आणि नाही लावला तर?”

मी काकांच्या खिडकीकडे बघितलं.

“मग लाव,” म्हणत त्यांनी स्वतःच पाइप धरला. आम्ही दोघं त्यावर लोंबकळलो. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा कडकन आवाज झाला, पाइप वीतभर खाली गेला आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर आपटलो. मला वाटलं, मोडलं. भीत भीत पाना फिरवला. जड जात होता, पण फिरत होता. पूर्ण वेढा झाला तेव्हा टीचरनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, “पुढे.”

स्टार्टर मारून मारून बॅटरी बसत आली. शेवटी गाडी खोकली आणि तीन सिलिंडरवर थडथडत सुरू झाली. पांढरा धूर केळींमध्ये भरला. इंजिन पुन्हा गुदमरायला लागलं, तोच खिडकीतून काकांचा आवाज आला, “सुरेश, चोक आत घाल. पेट्रोल पितेय ती.”

टीचर होत्या तिथेच थिजल्या. सोमवारपासून काका कुणाशी बोलले नव्हते. मी चोक आत ढकलला, इंजिन सावरलं. त्या आत धावल्या. दोघं त्यांच्या गावबोलीत बराच वेळ बोलत होते, ती मला कधीच धड कळली नाही. बाहेर आल्या त्या चादर घेऊन. “मागच्या सीटवर अंथर,” म्हणाल्या. “येतात म्हणाले.”

टीचरच्या मांडीवर डोकं ठेवून काका वसईपर्यंत आडवे गेले.

मी दुसरी पाळी मागून घेतली. आठवड्यातून दोनदा सकाळी आम्ही जाऊ लागलो. काका मागून पडल्या पडल्या इंजिनाची दुखणी सांगत आणि ती बहुतेक खरी निघत. तीन महिने असे गेले. मग त्यांनी इंजिनाकडे कान देणंच सोडलं. सुई टोचायला हाताला जागा उरली नाही. परतीच्या वाटेवर ते पुन्हा ‘पुरे’ म्हणायला लागले. टीचर त्यांचं कपाळ चोळत आणि म्हणत, “अजून थोडं बघू.” आरशात मला काकांचा चेहरा दिसे, मी रस्त्याकडे बघत राही.

असे आणखी दोन महिने गेले. एका सोमवारी मी गाडी गरम करत होतो. टीचर बाहेर आल्या, खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. “आज नको,” म्हणाल्या. शनिवारी काकांनी घरीच प्राण सोडला.

वर्षभराने फ्लॅटचा ताबा मिळाला. निरोप घ्यायला गेलो तेव्हा टीचर ओट्यावर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मी उठलो, तेव्हा माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “सुरेश, पाच महिने मिळाले आम्हाला. पहिले तीन त्यांचे होते. नंतरचे दोन त्यांना नको होते रे. ते त्यांनी माझ्यासाठी काढले.”

मी पुन्हा त्यांच्या शेजारी बसलो. त्या दिवशी शेजारच्या आगाशीहून सुटणारी माझी बस चुकली.