उजवी घंटी माणसांना, डावी गुरांना

पेडण्याहून मांद्र्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्या काळी सायकली पुष्कळ होत्या, पण बघण्यासारखी सायकल एकच, आणि ती आमच्या घरमालकीणबाईंच्या थोरल्या भावाची. देवगडाच्या पलीकडून तीन एसट्या बदलून मी पेडण्यात उतरलो तेव्हा पहिला नमस्कार केला तो त्या सायकलीलाच. ती सोप्यावर भिंतीला टेकून उभी होती, हँडलला आबोलीचा गुंफलेला वळेसर, आणि सकाळचं ऊन नेमकं तिच्यावर. मला वाटलं, घरातलं दैवत असेल. आतून घरमालकीणबाई म्हणाल्या, "पाया पडलंस ता बरां केलंस. हात मात्र लावू नको हां. लावलंस तर खोली गेली म्हणून समज." त्यांना मी पुढे मावशी म्हणू लागलो आणि त्यांच्या भावाला, ओघानेच, मामा.

मामा कचेरीत शिपाई होते. समन्स पोचवायचं काम. त्या कामावरचा माणूस पाय न वाजवता येतो. मामांनी मात्र सायकल अशी सजवली होती की ती दोन वळणं आधीच ऐकू यावी. मागच्या चाकाच्या आऱ्यांत मणी, मडगार्डला पितळी साखळी, आणि हँडलला दोन घंट्या. मी एकदा भीत भीत कारण विचारलं, तर म्हणाले, "अरे, समन्स घेऊन जातां म्हणजे काय वाघ जातां? लोकांक सदरो घालूक वेळ दिवक होयो. आणि कोणाक लपायचां असलां तर त्याका लपूक वेळ नको?" मी आलो तेव्हा ते पेन्शनीत गेले होते, तरी मण्यांचा आवाज तसाच राहिला होता, फक्त आता तो ऐकून लोक लपण्याऐवजी बाहेर यायचे. कुणाला पेडण्याहून औषध हवं असे, कुणाचं झंपर शिंप्याकडे पोचवायचं असे, कुणाला नुसतं गावातलं बरंवाईट ऐकायचं असे.

त्या दोन घंट्या म्हणजे मामांचा कायदा. उजवी माणसांना, डावी गुरांना. उजवी गोड, देवळातल्या लहान घंटेसारखी, डावी खरखरीत. एकदा रस्त्यात उभ्या असलेल्या म्हशीला त्यांनी डावी वाजवली, आणि म्हशीआडून नेमका तिठ्यावरचा दुकानदार बाहेर आला. त्याने ती स्वतःला लावून घेतली. दोन वर्षं तो मामांशी बोलला नव्हता. मामा रोज त्याच्या दुकानासमोर उजवी वाजवायचे आणि तो रोज पाठ फिरवायचा.

सीट लाल मखमलीचं. दशावतारातल्या एका राजाचा अंगरखा विटला तेव्हा त्याच्या पाठीचं कापड मामांनी मागून आणलं होतं. "राजाचे पाठीर आपण बसतां," असं म्हणून ते आधी कापडाला हात लावत, मग बसत. साखळीला खोबरेल तेल. त्यामुळे सायकल शेजारून गेली की शाळेला निघालेल्या मुलीच्या वेणीचा वास यायचा. पुढे पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या वेळची नंबराची पत्र्याची पट्टी होती. ती काढा म्हणून सांगणारे कमी नव्हते. मामा म्हणायचे, "सरकार बदल्लां म्हणून चाक काय चौकोनी जालां?"

आणि मागच्या मडगार्डाखाली लोंबणारं रबरी चिखलपान. सगळ्यांच्या चिखलपानावर काही ना काही रंगवलेलं असायचं. कुणाचा देव, कुणाचा मुलगा, कुणाची नटी. ते वर्ष भाषेच्या भांडणाचं. मराठी की कोंकणी, यावरून एकाच घरात दोन चुली व्हायची पाळी आली होती, आणि लोकांनी आपापली बाजू चिखलपानावरच लिहून टाकली होती. मामांचं कोरं. दोन्हीकडचे येऊन विचारायचे, मामा तुमचं काय? मामा म्हणायचे, "ह्याचां काम चिखल आडवायचां. उडवायचां न्हय."

त्या भांडणानेच माझं पोट भरलं आणि त्यानेच माझी झोप उडवली. भांडणामुळे पेपर खपत होते, म्हणून सातवीत शाळा सुटलेल्या मला एका पेपर एजंटाने मांद्र्यापर्यंतची लाइन दिली होती, एक महिन्याच्या बोलीवर. सायकल त्याची, पाय माझे. पहिल्याच आठवड्यात मी मराठीवाल्यांच्या दारात कोंकणी पेपर टाकला आणि कोंकणीवाल्यांच्या दारात मराठी. दोन्ही घरांना वाटलं, शेजाऱ्याने मुद्दाम पाठवला. एजंटाने मला बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "आनीक एक चूक, एक दिवस उशीर, आणि तू तुझ्या गावाक." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी मी पत्रात लिहिलं होतं की नोकरी पक्की झाली. आईने ते पत्र गावभर वाचून घेतलं असणार.

महिना संपायला तीन दिवस होते. सकाळी सहाला पेपर बांधून निघालो आणि दारातच सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. पुढचं चाक एकीकडे, मी एकीकडे. पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी विहिरीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. मामा चहाचा पेला घेऊन सोप्यावर आले.

"रडतंस कित्याक?"

"मामा, आज पेपर गेले नाहीत तर मला परत जावं लागेल. घरी काय सांगू?"

मामांनी पेला खाली ठेवला. आता हे सांगायला हवं की मामांनी ती सायकल आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा नाही. दुकानात, देवळात, कचेरीत ते वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते: "हिच्यार दुसरो कोण बसलेलो दिसलो, तर समजा मी गेलों." ते सायकलीभोवती दोन फेऱ्या फिरले. मग तिचं हँडल माझ्या हातात दिलं. "उजवी घांट माणसांक, डावी गोरवांक. चुकू नको." एवढंच बोलले आणि आत गेले. ती रस्त्याला लागताना त्यांना बघवणार नव्हती.

मी मखमलीला हात लावला आणि बसलो. मणी वाजू लागले. दारं उघडू लागली. बायका औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन यायच्या, मला बघायच्या आणि जागीच थिजायच्या. एकीने पदर तोंडाला लावला. चहाच्या टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले, एकाने टोपी काढली. मला वाटलं, काय हा सायकलीचा मान! मीसुद्धा मान लववून पुढे जात होतो. एकही पेपर चुकला नाही, कारण ज्याचा तो माणूस दारातच उभा होता.

तिठ्यावर दुकानदार आडवा आला. "कधी?"

"सकाळी सहाला."

"शेवटी तो काय म्हणालो रे?"

"उजवी घंटी माणसांना, डावी गुरांना."

तो मटकन तांदळाच्या पोत्यावर बसला. "माकाच बोल्लो तो," म्हणाला आणि डोळे पुसत दुकानाच्या फळ्या लावू लागला. मी घाबरून पॅडल मारलं.

मांद्र्याच्या अलीकडे वळणावर एक काकी राहायची. तिची दृष्टी कधीच गेली होती; सोप्यावर बसून बोटांच्या अंदाजाने ती देवळासाठी कापसाच्या वाती वळायची. तिच्यासाठी मामा वळणावर तीनदा घंटी वाजवायचे. मीही वाजवली.

"हात त्याचो न्हय," ती म्हणाली. "कोण रे तू?"

मी सांगितलं.

"म्हणजे तो घरी आसा?"

"आहेत. चहा पीत होते."

"मगे रस्त्यार सांगत जा रे पूता! लोक रडून मरतले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. उरलेले पेपर टाकून मी परत फिरलो तो "मामा आहेत! मामा आहेत!" असं ओरडतच. पण बातमी मोटरसायकलवरून माझ्या आधी पोचली होती. अंगणात पन्नास माणसं. मामा सोप्यावर बनियनवर बसलेले, आणि हार घेऊन आलेला दुकानदार त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकून उभा.

"हार हाडलंस तो परत व्हरू नको," मामा म्हणाले. "सायकलीक घाल."

दोन वर्षांनी दोघं बोलले. एजंटही पांढरा सदरा घालून आला होता. आज तक्रार एकही नाही, हे त्याने त्याच अंगणात कबूल केलं आणि माझी लाइन पक्की केली. मामा रात्रीपर्यंत सांगत होते, "कोण कोण रडलो ता माका आता कळलां. असां एकदा तरी होवक होयां."

पुढे मी स्वतःची सायकल घेतली आणि काकीच्या वळणावर रोज तीनदा घंटी वाजवू लागलो. मामा अधूनमधून तिला निरखत आणि विचारत, "तुझी खूण खंय?" मला सुचत नसे. माझ्याजवळ होतं तरी काय लावण्यासारखं?

गोवा घटकराज्य झालं, भांडणं निवली, पेपर पातळ झाले. त्यानंतरच्या काजूच्या दिवसांत एका पहाटे मामा खरंच गेले. मावशीने मोटरसायकल पाठवली नाही, माणूस धाडला नाही. मला हाक मारली आणि म्हणाली, "तुझे पेपर हिच्यार बांध. बसू नको हां. चलत व्हर."

मी मामांची सायकल हाताने धरून निघालो. मणी हळूहळू वाजत होते. लोक दारात आले. मागच्या खेपेची आठवण येऊन काही जण आधी हसले, मग मी चालतोय हे त्यांनी पाहिलं. जो तो पुढे होऊन आपला पेपर कॅरियरवरून काढून घेत होता. तिठ्यावर दुकानदार माझ्या पायांकडे बघत राहिला आणि मग एकेक फळी लावू लागला.

वळणावर मी अंगठा मुठीत दाबून धरला. काकीला दिसणार नव्हतं. गुपचूप पुढे जाऊ, असं ठरवलं होतं.

"चलत कित्याक?" सोप्यावरून आवाज आला.

मी सायकल थांबवली. तिची बोटं थांबली.

"गेलो तो?"

"हं."

तिने मांडीवरचा कापूस चाचपला. मग म्हणाली, "तीन फावट वाजय."

"मामांसारखी नाही यायची, काकी."

"त्याच्यासारकी कोण मागता? तुझी वाजय. तुझो हात माका खबर आसा."

मी अंगठा उजव्या घंटीवर ठेवला आणि तीनदा वाजवली. काकीने मान हलवली आणि पुढची वात वळायला घेतली. कॅरियरवर अजून वीस घरांचे पेपर होते. मी चालू लागलो.