होडीचं भाडं, वीस रुपये

"पावती न्हाय बाय, पन मानूस हाय," असं म्हणून काका माझ्या टेबलासमोरून जरा बाजूला सरकायचे. मागे उभा असलेला माणूस मला नीट दिसावा म्हणून.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात मी हिशेब लिहायला होते. काका खारबावचे. कंपनीच्या पाच गोदामांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर. जायचं-यायचं भाडं कंपनी द्यायची, पण पावती जोडली तरच. आता भिवंडीतला रिक्षावाला पावती देतो का, तुम्हीच सांगा. म्हणून काका रिक्षावालाच घेऊन यायचे.

"हां मॅडम, नारपोली से बिठाया, चालीस लिया," तो कोर्टात उभा असल्यासारखा सांगायचा. मी कागदावर त्याची सही घ्यायची. मग तो साक्षीला आल्याचे पैसे मागायचा. काका ते देत आणि पुढच्या व्हाउचरवर लिहीत, 'साक्षीदार आणणे, तीस रुपये'.

"याला साक्षीदार कोण?" मी एकदा विचारलं.

"तू. तुझ्यासमोरच दिलं ना?"

मी सही केली.

एका पावसाळ्यात खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं. पलीकडच्या गोदामात काटा बंद पडलेला, म्हणून काका ओळखीच्या एका म्हाताऱ्याच्या होडीतून गेले. व्हाउचरवर लिहिलं, 'होडी, वीस रुपये'. मी ते तसंच मुंबईच्या ऑफिसला पाठवलं. आठ दिवसांनी कागद परत आला. त्यावर मोठ्या साहेबांचा लाल शाईतला शेरा होता, 'बोटीचे तिकीट जोडावे. संशयास्पद. कंत्राट वाढवताना विचार व्हावा.'

"संशयास्पद म्हंजे?" काकांनी विचारलं.

"खोटं असावं, असं त्यांना वाटतंय."

त्या दिवशी काकांनी चहा घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब तपासणीला आले. दुपारी वॉचमन रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, गेटवर होडी आली आहे. आवक लिहू का?"

आम्ही सगळे बाहेर गेलो. टेम्पोवर खरोखरच होडी बांधलेली, शेजारी काका. होडीवाल्या म्हाताऱ्याला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं, म्हणून त्याच्याऐवजी होडी.

"साहेब, तिकीट न्हाय. ही हाय. हात लावून बगा."

साहेबांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली आणि खरंच हात लावला. बोटांना डांबर लागलं. मग माझ्याकडून ते व्हाउचर आणि पेन मागून घेतलं आणि शेरा खोडला. कागदावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

"काका, टेम्पोचं भाडं लिहू ना?" मी हळूच विचारलं.

"नको. ते कंपनीच्या कामाचं न्हाय. माझ्या कामाचं हाय."

वीस रुपये 'इतर' या खात्यात मंजूर झाले. कंत्राट मात्र दिवाळीनंतर संपलं. नवे इलेक्ट्रॉनिक काटे आले, त्यांची दुरुस्ती काटे विकणाराच करणार होता. शेऱ्यामुळे नाही हो, असं मी काकांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली.

महिन्या-दीड महिन्याने ते पुन्हा टेबलासमोर उभे राहिले, हातात पिशवी. सवयीने मी व्हाउचरचं पुस्तक ओढलं. "आज कशाने आलात?"

"रिक्षानं. पन लिवू नको. आज कामाला न्हाय आलो, तुला बगाया आलो."

पिशवीत त्यांच्या शेतातल्या वालाच्या शेंगा होत्या. त्यानंतर काका काही आले नाहीत. शेंगा कोवळ्या होत्या. मी त्याच दुपारी ऑफिसात बसून त्या निवडल्या.